थोरल्याचं पान

“बाबा, पानं किती मांडायची?”

सूनबाई दरवर्षी विचारते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. चूक तिची नाही बिचारीची. म्हाळ उद्यावर आलेला असतो, ओट्यावर भोपळा, गवार, कारली, अळू पसरलेलं असतं, वड्याची डाळ भिजत पडलेली असते, आणि तिला अंदाज हवा असतो. मी मात्र खेकसतो, “गेल्या साली मांडली तेवढीच! त्यात काय विचारायचं?” आणि गच्चीवर जाऊन बसतो. समोर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गवत गुडघाभर वाढलेलं, ऊन असं की पाठीची सालटं निघावीत. साताऱ्यात राहायला येऊन उभा जन्म गेला, पण भादव्याचा हा दुसरा पंधरवडा मला कधी सोसला नाही. गणपती पाण्यात गेलेले, नवरात्र अजून लांब. जित्या माणसांनी जरा बाजूला सरायचं आणि मेलेल्यांना जेवू घालायचं, असे हे दिवस.

मेलेल्यांना, हे ठीक. पण माणूस मेलाय की नाही हेच ठाऊक नसलं तर काय करायचं?

आमच्या घरात हा प्रश्न माझ्या जन्माच्या आधीपासून मुक्कामाला होता. वडूजपासून दोन-अडीच कोसांवर आमची वस्ती. माझे थोरले चुलते लष्करात भरती झाले, मोठ्या लढाईत मलायाला गेले आणि परत आले नाहीत. प्रेत नाही, निरोप नाही, काही नाही. लढाई संपल्यावर त्यांच्या पलटणीतला एक गडी घरी येऊन सांगून गेला, की शेवटचा बघितला तो मलायाच्या वरच्या अंगाला, सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, हद्दीजवळ. तापानं फणफणलेला होता, पण चालत होता. ‘पण चालत होता’ एवढं माझ्या चुलतीनं पदराला गाठ मारून ठेवलं.

तिला आम्ही जिजी म्हणायचो. नवरा गेला तेव्हा ती सोळा-सतराची. पोर ना बाळ. पुढं सरकारनं कळवलं की मयत समजावं, आणि पेन्शनीसाठी अंगठा द्यावा. जिजीनं अंगठा दिला नाही. “म्या अंगठा दिला म्हंजी ते मेलं,” म्हणाली. आमच्या खटाव तालुक्यात लष्करातली घरं ढिगानं आहेत, पण चालून आलेली पेन्शन नाकारणारी बाई मी दुसरी बघितली नाही. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या, आणि बाकीचे सगळे दिवस घरच्या रानात गड्याच्या बरोबरीनं राबणं. हुलगा उपटून उपटून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. लहानपणी तिनं पाठीवरून हात फिरवला की खरखरायचं, आणि फार बरं वाटायचं.

म्हाळाच्या दिवशी आमच्यात आजा-पणज्याची पानं वाढायची. थोरल्याचं पान मांडायचं नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, धाकटे भाऊ. तेही हवालदार होऊन परतलेले, मिशीला पीळ देणारे. वहिनीच्या शब्दापुढं ते जात नसत. पण बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात आमच्या घरावर घावावर घाव बसले. विहीर आटली, बैल दगावले, माझी पाठची बहीण कावीळ होऊन गेली. मग गाव कुजबुजायला लागलं, की ह्यांच्या घरातला एक जीव उपाशी हाय, तो कुणाला सुखानं जगू देईल? लेक गेलेल्या बापाच्या कानात हे शब्द पडले की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

“वैनी,” आप्पा एक दिवस म्हणाले, “औंदा मी दादाचं पान मांडणार.”

जिजी भाकरी थापत होती. हात थांबला नाही. “जित्या माणसाचं पान मांडता व्हय भावजी?”

“जिता आसता तर तीस वर्सांत आला नसता?”

तव्यावरची भाकरी करपली, आणि जिजीची भाकरी करपलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

मी तेव्हा सांगलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षेचे दिवस, खोलीत उकाडा, मेसची आमटी पाणचट, आणि बाजारपेठेतून येणारा हळदीचा वास असा, की पुस्तकाची पानंसुद्धा हळदीनं माखलीत असं वाटायचं. अभ्यासाचा कंटाळा आला की मी मिरजेच्या स्टेशनावर जाऊन बसे. गोव्याला जाणारे लांब केसांचे गोरे पोरगे-पोरी तिथं गाडीची वाट बघत फलाटावर पसरलेले असत. पाठीवर बोचकं, पायात धड चप्पल नाही, आणि म्हणे तुर्कस्तानापासून असेच मजल दरमजल करत आलेले. एकाला मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, की घर सोडून असं निघता कसं येतं? तो हसला आणि म्हणाला, निघायचं, बस्स. झालं! पदवी झाली की आपणही एकट्यानं आशिया हिंडायचा, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तिथं.

खूळ मी घरी बोलून दाखवलं तेव्हा आप्पा म्हणाले, “आरं, येडं का खुळं तू? तालुक्याला मास्तर हो गप.” जिजी मात्र मला विहिरीवर घेऊन गेली. पाणी नव्हतंच, नुसतं मोटेच्या कोरड्या थारोळ्यात बसलो.

“तुला हिंडायचंच हाय न्हवं? मग तिकडंच हिंड,” म्हणाली. “बघून ये. तू यिऊन जे सांगशील ते मी मानीन. मेलं म्हणालास तर माझं कुकू मीच पुशीन.”

“जिजी, अगं मी कसा सांगणार?”

“आरं, तुला कसं सांगू,” तिचा आवाज एकदम फाटला. “भावजी म्हणत्यात ते खरं आसंल तर? मेलं आसतील, तर माझ्या हट्टापायी तीस वर्सं उपाशी हायती रं ते. ह्यो इचार आला की घास गिळत न्हाई मला. आन् पान मांडलं, आन् ते जितं आसलं, तर माझ्याच हातानं मारल्यावानी. मी काय करू सांग. कुनीकडून बी मरान हाय.”

बावीस वर्षांचा पोरगा मी. जातो म्हणालो.

माझ्या वाटखर्चासाठी तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली. आप्पांनी वरून आरडाओरडा केला, पण लष्करातला आपला पिट्टू आपणच तेल लावून, पट्टे शिवून दिला. पाठीवर बांधायची ती पिशवी अजून माळ्यावर आहे. तिच्यात एक घोंगडं, चटणी, दशम्या, चुलत्यांचा फोटो, आणि जिजीनं स्वतः दळलेल्या हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी. चुलत्यांना त्या पिठाचं पातळ, गोड माडगं आवडायचं म्हणे. “गावलं, तर करून घाल. गूळ वाईच जास्ती टाक.” निघताना आप्पा म्हणाले, “सर्वपित्रीच्या आमुशेपतूर आलास तर तुझं ऐकतो. न्हाई आलास तर मी मांडणार. आता माझ्यानं बी दम निघत न्हाई, बाबा.”

जग हिंडण्याची हौस मद्रासच्या बोटीवर पहिल्याच दिवशी जिरली. उघड्या डेकवर माणसं, बोचकी, कोंबड्या, आणि आषाढाचा समुद्र. पोटात आतडी राहिली नाहीत. जिथं तिथं ओल. घोंगडं भिजून इतकं जड झालं की बाजूचा माणूस म्हणाला, फेकून दे. त्या घोंगड्याला आमच्या माणदेशी मेंढरांचा वास येत होता, ते फेकून कसा देऊ?

मलायात उतरलो आणि उत्तरेकडं निघालो. मिळेल त्या बसनं, ट्रकनं, बाकी पायी. लोक म्हणतात प्रवासात माणूस मोकळा होतो. मी आवळत गेलो. बाजूनं मैलोगणती रबराची झाडं, सगळी एका ओळीत, सगळी सारखी, प्रत्येकाला चिरा आणि खाली वाटी. आमच्याकडं चार बाभळी दिसायच्या, पण प्रत्येकीला नाव असायचं. चहाच्या टपरीवर, देवळात, रबराच्या मळ्यातल्या चाळींत मी फोटो दाखवत हिंडलो. हा माणूस. पाहिलाय? कधीही? फोटोतला माणूस वीस वर्षांचा, टोपी तिरकी, मिसरूड फुटलेलं. पाहिला असता तरी आता कुणी ओळखला असता? हे मला आधी का सुचलं नाही, परमेश्वराला ठाऊक. आमच्या अख्ख्या घरात ते कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्या लेखी ते अजून वीस वर्षांचेच होते.

एका मळ्यात तमिळ बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. फोटो हातोहात फिरला. मग एक म्हातारी घरात गेली आणि पिवळा पडलेला एक फोटो घेऊन आली. तिचा भाऊ. जपान्यांनी रेल्वेच्या कामाला नेलेला. तो तिनं माझ्यापुढं धरला आणि खुणेनं विचारलं, तू पाहिलास का? तेवढ्यात दुसरी आली, तिच्या हातात नवऱ्याचा. तिसरीकडं फोटोच नव्हता. ती नुसती हात उंच करून किती उंच होता ते दाखवत राहिली. मी सगळ्यांना मान हलवून नाही म्हणालो. त्यांनीही मला नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनी मला भात वाढला, आणि मी तो रडत रडत खाल्ला. लाज वगैरे सगळी संपली होती.

त्या दिवसानंतर माझी आशा सुटली. म्हणजे पाय चालत होते, पण ते नुसते सवयीनं. माझ्या एका शब्दावर जिजीचं कुंकू, आणि माझ्याजवळ तो शब्दच नाही. रात्री डोक्याखाली पिठाची पुरचुंडी घेऊन पडायचो आणि वर चंद्र बघायचो. भादव्याची पुनव झाली आणि तो झिजायला लागला. तिकडं गावाला आप्पाही हाच चंद्र बघत असणार.

सयामची हद्द ओलांडली आणि तापानं गाठलं. चुलत्यांना आला होता तसाच आला असेल, कुणी सांगावं. एका लहानशा गावात गोरखपुराकडचा एक म्हातारा दूधवाला होता, रामसूरत नावाचा. रस्त्याकडेला पडलेला बघून त्यानं मला उचललं आणि आपल्या गोठ्यात घोंगड्यावर टाकलं. शेणाचा, दुधाचा, ओल्या गवताचा वास. ग्लानीत मला वाटायचं वस्तीवरच आहे आणि जिजी हाक मारतेय. मध्येच जाग आली की बोटांवर दिवस मोजायचो. अमावस्या. घरी तार करायची म्हटलं तर शहर लांब, आणि मला उठून बसवत नव्हतं. ‘थांबा’ एवढा एक शब्द पाठवायचा होता, तोही माझ्याच्यानं झाला नाही.

आणि अमावस्या आली. सकाळी रामसूरत म्हणाला, “चलो बाबू, थोड़ा बाहर बैठो. आज यहाँ मेला है।” त्यानं मला धरून जवळच्या बुद्धाच्या देवळाकडं नेलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं नटून-थटून चाललेली, आणि प्रत्येकाच्या हातात टोपल्या. टोपल्यांत भात, केळी, तिळाचे गोड पदार्थ.

“कसली जत्रा?” मी विचारलं.

“जत्रा क्या, पुरखों को खिलाते हैं। पंद्रह दिन के लिए आते हैं वो लोग, आज वापस जाएँगे। अपना पितरपख ही समझो।”

घरापासून समुद्रापार, जिथं मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिथं त्याच पंधरवड्यात, त्याच अमावस्येला माणसं तेच करत होती.

देवळाच्या कुंपणाबाहेर भिंतीच्या पायाशी एक म्हातारी बसली होती. केस बारीक कापलेले, तोंडात विडा, अंगानं हुबेहूब आमच्या गावची एखादी आजी. ती केळीच्या पानांचे तुकडे ओळीनं मांडत होती आणि प्रत्येकावर भात, मासा, गोड असं वाढत होती. मी रामसूरतला विचारलं, हिचे पितर आत नाहीत का? तो हसला. “अपनेवालों का तो अंदर हो गया। ये बाहरवाला उनका है, जिनका यहाँ कोई नहीं। परदेसी, लावारिस, लड़ाई में मरे हुए। कोई नाम लेनेवाला नहीं ना।”

मी पिट्टूतून हुलग्याचं पीठ काढलं. त्या भिंतीशी एक चिमूट जरी ठेवली असती तरी काम झालं असतं: जीव गेला, जेवला, सुटला. पुढं जाऊन मी वाकलोसुद्धा. पण ठेवलं म्हणजे मेलं! जिजीचा अंगठा आठवला. नाही झालं माझ्याच्यानं. तसाच वाकून उभा राहिलो. म्हातारीनं वर बघितलं. माझ्याकडं, पुरचुंडीकडं. काय समजली कोण जाणे, तिनं आपल्या टोपलीतून आणखी एक पान काढलं, माझ्यापुढं मांडलं, आणि आपल्याच अन्नातलं त्यावर वाढायला लागली. वाढतच राहिली, पानाच्या कडेवरून खाली सांडेपर्यंत. मी तिथंच खाली बसलो आणि हुंदके देऊन देऊन रडलो. तिनं पदरासारख्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. तिच्या हाताला घट्टे होते.

घरी पोचायला दिवाळी उलटून गेली. वडूजला एस.टी.तून उतरलो आणि वस्तीची वाट धरली. शाळू गुडघ्याला लागलेला आणि वारं गार. दुरून बांधावर एक बाई भांगलताना दिसली. लुगडं ओळखीचं. तोंड खाली. मी हाकच मारीना. ती वर बघेपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला विचारू नका. कपाळ. मला फक्त तिचं कपाळ बघायचं होतं.

तिनं वर बघितलं. कुंकू होतं. कपाळभर.

“आलास व्हय रं,” म्हणाली. मग जवळ येऊन माझ्या गालफडांवरून हात फिरवला. “पार वाळून कोळ झालास की.”

“आप्पांनी…”

“भावजींनी पान केलं हुतं तयार. दिस बुडूस्तवर हातात घिऊन हुबं हुतं उंबऱ्यात. मग म्हणालं, पोरगं वाटंत आसंल, आन् गाईला घातलं.”

संध्याकाळी चुलीपुढं बसलो. आप्पा एका बाजूला, मिशीला हात न लावता. मी पिट्टूतून पुरचुंडी काढून जिजीच्या हातात दिली. तिनं ती सोडली. पिठाला जाळी धरली होती, आत किडे झाले होते. ती बघत राहिली.

“नेलंस तसंच आणलंस,” म्हणाली.

“सापडलं न्हाईत, जिजी. मेलं म्हणाया बी काय गावलं न्हाई, जितं म्हणाया बी न्हाई.”

जाळ ढणाढणा जळत होता. मग मी त्या म्हातारीचं सांगितलं. आपलाच पंधरवडा, आपलीच आमुशा. देवळाच्या भिंतीबाहेर, ज्यांचं तिथं कुणी नाही त्यांची पानं. परदेशी. लढाईत गेलेले. दरवर्षी वाढतात.

जिजीचे डोळे माझ्यावर खिळले.

“पोटभर वाढती का रं ती?”

“पानावरनं खाली सांडंस्तवर, जिजी.”

तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली. तीस वर्षांत तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं. आप्पा उठून अंगणात गेले. डोळे पुसून ती म्हणाली, “मग आता मी वाट बघाया मोकळी झाले.”

पुढच्या म्हाळाला तिनं आजा-पणज्याची पानं वाढली, आणि मग आणखी एक पान घेऊन एकटीच बांधावर गेली. आप्पांनी विचारलं, “वैनी, हे दादाचं का?” “छ्या! ते कशाला? ते येतील तवा पाटावर बसून जेवतील. हे परक्याचं. तिकडची बाई माझ्या मानसाला वाढती, तर हिकडं कुनाचं कोन पडलं आसंल त्याला मी वाढाया नगो?”

तेव्हापासून आमच्यात एक पान जास्तीचं असतं. जिजी गेली ती हिरव्या लुगड्यात, हिरव्या चुड्यात, मळवट भरून. नवरा नव्वदीच्या घरात असेल-नसेल, कशाचं कुंकू, असं दोघी-तिघी पुटपुटल्या. मी त्यांना हाकललं. तिचं पान आम्ही अविधवा नवमीला वाढतो. थोरल्याचं अजून मांडलेलं नाही. हिशेब मलाही येतो, शंभरी कधीच उलटून गेली. मुलगा म्हणतो, बाबा, आता तरी मांडू या. पण सांगायचं मी होतं, आणि माझ्याजवळ शब्द तेव्हाही नव्हता, आजही नाही. पन्नास वर्षं मी त्या भिंतीशी वाकून उभा आहे, पीठ हातात घेऊन.

यंदा मात्र एका विचारानं मला झोप नाही. ती म्हातारी केव्हाच गेली असणार. तिची मुलं-नातवंडं शहरात गेली असतील, माझ्यासारखीच. भिंतीबाहेरची ती पानं आता कुणी मांडतं का? का बंद झाली? जिजीला मी दिलेला तो एकच दिलासा, तोही आता उरला नसेल तर? आता माझा घास अडकतो, आणि मला विहिरीवर घेऊन जाणारं कुणी नाही.

खालून हाक आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सूनबाई कुंपणाच्या भिंतीशी केळीचं पान बाजूला ठेवून, उद्याची तालीम केल्यासारखी जागा झाडत होती.

“बाबा, एक विचारू? हे बाहेरचं पान कुणाचं? इतकी वर्षं वाढतेय, पण कधी विचारलं नाही.”

“ठाऊक नाही गं.”

“मग उद्या त्यावर थोडं थोडंच वाढू ना? नाहीतर वाया जातं.”

“नको,” मी म्हणालो, आणि या खेपेला खेकसलो नाही. “माडगंही कर, गूळ जरा जास्त टाक. आणि पोटभर वाढ.”